एक व्हय उधार

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥
मु. पो. आंबेरखोल, ता. मालवण
४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप नमूताईस,
धाकट्या सुदेशचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. आपल्या खळ्यासमोरच्या रस्त्यावर ग्रामपंचायतीने गतिरोधक घातला. गतिरोधक हे त्याचं कागदावरचं नाव. प्रत्यक्षात ती आडवी पडलेली डांबराची म्हैस आहे. सकाळची मालवणची एसटी तिच्यावर चढून उतरते तेव्हा आपल्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या एकमेकींची गळाभेट घेतात आणि माझा पहिला चहा बशीत उतरतो. बशीतला चहा मी लहानपणी तुझ्या धाकाने सोडला होता. तो शासनाने पुन्हा सुरू केला.

मी रीतसर अर्ज दिला. तीस वर्षं मुंबईत सरकारी कचेरीत बसून मी लोकांच्या अर्जांवर 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' असं लिहीत आलो. माझ्या अर्जावर आता तेच वाक्य लिहून आलं आहे. सौ. शर्मिला म्हणाली, देव आहे म्हणायचा.

ही कार्यवाही करणारी सरपंच म्हणजे किशोरी. व्हाळापलीकडची लक्ष्मीकाकी तुला आठवत असेलच, तिची ही नातसून. नवरा ओमकार टेम्पो चालवतो. जागा बायकांसाठी राखीव होती म्हणून उभी राहिली आणि आपल्या भावकीतल्या भाईच्या सुनेला हरवून थोडक्या मतांनी निवडून आली. तेव्हापासून गावाने तिला जाहीरपणे काही त्रास दिलेला नाही. तिला फक्त कोणी मोजत नाही. ती रस्त्याने गेली तर पारावरची माणसं पाय आवरत नाहीत. पंचायतीत गेली तर शिपाई खुर्ची देतो आणि पंखा लावायला विसरतो. भाई तर तिला सरपंच म्हणतच नाही, आपली ओमकाराची बायको म्हणतो. निवडणूक झाली, शाई लागली, निकाल लागला, पण गावाला ती लागू झाली नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. व्हाळावर मागच्या पंचायतीने सिमेंटचा बंधारा बांधला, हे मी तुला कळवलं होतं. बंधारा देखणा आहे. त्यावर संगमरवरी पाटी आहे आणि पाटीवर इतकी नावं आहेत की वाचेपर्यंत व्हाळ आटतो. पाणी मात्र वाळूत बसवलेल्या त्या पायाच्या खालून वाट काढून खाडीला जातं. अडली ती नावं. पण बंधारा आला म्हणून गावाने दरसालचा मातीचा बांध घालणं सोडलं. चार वर्षं झाली. वायंगणाची, म्हणजे हिवाळ्यातल्या भाताची शेतं पडीक पडली. उधाणाला खाडीचं खारं पाणी थेट व्हाळात शिरतं, आणि शिमग्याच्या सुमारास खालच्या वाडीच्या विहिरी मचूळ होतात. आपल्या विहिरीच्या चहालाही मीठ लागतं. बशीत आणि वर खारट, ताई.

किशोरीने ग्रामसभेत सांगितलं की यंदा पूर्वीसारखा बांध घालायचा, घरटी एक माणूस, मार्गशीर्ष अमावास्येच्या उधाणाआधी. नुसतं सांगून थांबली नाही. म्हणाली, बांध उभा राहिला नाही तर मी खुर्ची सोडीन. सभेत पाचपंचवीस माणसं होती. भाईने तेवढं वाक्य ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. गावच्या व्हॉट्सॲप गटावरही तिने टाकलं, येत्या सोळा तारखेला रविवारी सकाळी. त्याखाली सगळ्या गावाने अंगठे दिले. मीसुद्धा दिला.

तुला फोन करता आला असता तर हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं असतं, पण तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून माझं अक्षर सुधारलं. बाबांच्या वेळी बांध कसा होई, ते जरा लिही. मला फक्त चिखल आणि कुर्ल्या आठवतात.

भाचेमंडळींस आशीर्वाद. तुझी माया घाट उतरून खाली येत राहो.

तुझा,
सुदेश


फोंडाघाट
११ नोव्हेंबर २०२५

चि. सुदेश यास,
नर्मदाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तेजस्वीने मला मोठ्याने वाचून दाखवायचा हट्ट धरला. मला काही ऐकू आलं नाही, ती मात्र हसून लोळली. मग मी चष्मा लावून स्वतः वाचलं. नातीला म्हटलं, हा माझा भाऊ जन्मभर सरकारात होता आणि आता सरकारावर रागावलाय; म्हणजे सोवळं सोडल्यावर भटजीने देवळाला नावं ठेवावीत तसं.

गतिरोधकाबद्दल मी तुझ्या बाजूची नाही. त्या वळणावर एसटी कशी येते ते मी पाहिलंय.

बांधाचं विचारलंस. अरे, काय लिहू. कार्तिकातली पौर्णिमा झाली की बाबा रोज सकाळी व्हाळावर जाऊन यायचे. पाण्यात काठी रोवून बघायचे. घरात कोणाला काही बोलायचे नाहीत, आणि एका सकाळी आईला सांगायचे, उद्या. तेवढंच. ना कागद, ना दवंडी. आई शेजारी विस्तव मागायला जाई तेव्हा सांगे, आणि दिवेलागणीपर्यंत ते उद्या वाडीवाडीतून खाडीपर्यंत पोचलेलं असे.

सकाळी व्हाळाच्या काठी राखणदार देवचाराच्या दगडापाशी सगळे जमायचे. घरटी एक माणूस. कोणाच्या हातात खोरं, कोणाच्या डोक्यावर पाटी, कोणी आदल्या दिवशी तोडलेल्या किंजळीच्या फांद्यांचे भारे घेऊन. बाबा नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायचे, बा देवा म्हाराजा. घरात आईसमोर कधी आवाज चढला नाही त्यांचा, पण तिथे तो आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येई. प्रत्येक वाक्याला सगळे मिळून म्हणायचे, व्हय म्हाराजा. माझ्या अंगावर काटा यायचा. आताही लिहिताना आला, बघ.

मग फांद्या, त्यावर माती, वर दगड, पुन्हा माती. पोरांनी ओल्या बांधावर नाचायचं, कारण पोरं नाचली की माती बसते. तुला पाठीवर घेऊन मी नाचलेय. माझ्या वेणीत तू चिखल भरलास, ते काढायला आईला दोन दिवस लागले. दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळीच्या पानावर, सगळ्यांना एका पंगतीला. संध्याकाळी पाणी बांधाला टेकायचं. ते कसं चढतं ते बघायला बायका यायच्या. आवाज न करता चढणारं पाणी मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

तुमच्या त्या अंगठ्यांचा मला भरवसा वाटत नाही. अंगठ्याला तोंड नसतं. आणि तू कोणाच्या हातात पाटी दिलीस, की घरातून नुसता अंगठाच गेला? काय झालं ते कळव.

शर्मिलेला आशीर्वाद. खारट चहा प्यायला लवकरच येईन म्हणावं. माया आहेच, ती पत्रात मावत नाही एवढंच.

तुझी,
नमूताई


आंबेरखोल
१९ नोव्हेंबर २०२५

ती. नमूताईस,
सा. न. वि. वि.

अंगठ्याला तोंड नसतं हे तुझं वाक्य इथे देवळाच्या भिंतीवर रंगवायला हवं होतं. रविवारी शंभराहून जास्त अंगठ्यांतून पाच माणसं आली. एक किशोरी स्वतः, एक तिचा ओमकार, दोघं त्याच्या टेम्पोवरचे, आणि पाचवा मी. पण मला मोजू नकोस. मी छत्री घेऊन बघायला गेलो होतो.

किशोरी दुपारपर्यंत एकटीच पाट्या भरत होती, बाकीचे तिघे ओतत होते. चौघांनी घातलेली माती व्हाळाने प्रसादासारखी घेतली आणि पुढे गेला. कोणी शिव्या दिल्या असत्या, भांडण झालं असतं, तरी तिला बरं वाटलं असतं. रस्त्यावरून लोक जात होते, थांबत होते, विचारत होते काम कितपत इला, आणि जात होते. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, ताई. कोणाच्या मनात काहीच नव्हतं.

मी तिथल्या दगडावर बसून विचार करत होतो. तीस वर्षं मी कागदांवर शिक्के मारले, 'शासनाच्या मान्यतेने'. शासनाला मान्यता कोणाची, हा प्रश्न कचेरीत कधी निघाला नाही. निघाला असता तर दुसऱ्या विभागाकडे पाठवला असता.

संध्याकाळी भाई आला. आपल्या पडवीतल्या पेळेवर बसला, पान मागितलं, आणि म्हणाला की बांध पंचायतीचो झालो की तां सरकारी काम. सरकारी कामाक मजुरी व्हयी. पण गावकराच्या घरातून गाऱ्हाणा पडला तर अख्खो गाव घेऊन येतंय. तुझ्या बापाशीची गादी रिकामी पडली हा, सुदेश, तू बस नायतर सोडून दी. म्हणजे हे असं आहे. गावच्या वतीने देवाला सांगायचा गावकराचा मान पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात, म्हणून मी बाबांच्या जागी उभा राहून नारळ धरला की भाई माणसं आणणार, बांध होणार, आणि गावाला कळणार की निवडून दिलेल्या बाईने सांगितलं तेव्हा पाच आले आणि गावकराने सांगितलं तेव्हा सगळे. मग तिने खुर्ची सोडो की न सोडो, खुर्ची तिला सोडणार. भाई मला मान देतोय तो माझ्यासाठी नाही. माझ्यानंतर मला मुलगा नाही, आणि त्याला दोन आहेत.

शर्मिलेला वाटलं मी ठाम नकार देईन. मलाही तसंच वाटत होतं. पण तुला म्हणून सांगतो, रात्री न्हाणीघरात मी हळूच म्हणून बघितलं, बा देवा म्हाराजा. कसा लागतो आवाज ते. शेजारच्या धोंडूचा कुत्रा भुंकायला लागला. शर्मिला बाहेरून म्हणाली, कुत्र्याने व्हय म्हटलं.

आणि आज सकाळी किशोरी आली. पहिल्यांदा पंचायतीतल्या मराठीत बोलली: आपण ज्येष्ठ आहात, आपलं सहकार्य अपेक्षित आहे. शर्मिलेने पाणी दिलं. ते पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, काका, तुम्हीच घाला गाऱ्हाणा. माझी खुर्ची गेली तरी चलात, पण पाणी ऱ्हवाक व्हया. आमच्या आजयेक खारा पाणी पियाक लागता. एवढं बोलून ती आवाज न करता रडली आणि लगेच पदराने तोंड पुसून गतिरोधकाच्या अर्जाची चौकशी केली.

मी हाक दिली तर बांध होतो आणि सरपंच जाते. नाही दिली तर बांधही नाही आणि सरपंचही नाही. दोन्हीकडून जाणार तीच आहे. मी उत्तर दिलेलं नाही. ताईला विचारतो म्हटलं. साठीला आलेला माणूस ताईला विचारतो म्हणतो, आणि तिला ते अगदी योग्य वाटलं.

बाबांना लोक का ऐकत, ते सांग. देवाच्या धाकाने, मानाच्या धाकाने की सवयीने?

पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
सुदेश


फोंडाघाट
२७ नोव्हेंबर २०२५

चि. सुदेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पापड वाळत घातले होते. ते तसेच टाकून लिहायला बसलेय, कावळ्यांची चैन झाली.

तू विचारलंस की बाबांना लोक का ऐकत. मला एक गोष्ट ठाऊक आहे. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पण तू तेव्हा पाळण्यात होतास आणि नंतर कोणी काढली नाही. आता तूच गोत्यात आलायस म्हणून सांगते.

त्या वर्षी लक्ष्मीकाकीचा नवरा गेला होता. होडी उलटून. पदरात दोन लहान पोरं. बांधाच्या दिवशी घरटी एक माणूस हवा, तर ती स्वतःच पाटी घेऊन आली आणि बाप्यांच्या मागे उभी राहिली. बाई बांधावर आली म्हणून कुजबुज झाली. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. दुसऱ्या की तिसऱ्या वाक्याला थांबले. नारळ हातात तसाच. म्हणाले, कोणाचो तरी व्हय येवक नाय. अरे, एवढ्या माणसांत एक आवाज कमी आहे हे त्यांना कसं कळलं, मला आजही उमगत नाही. मी शेजारी उभी होते, मला कळलं नव्हतं.

लक्ष्मीकाकी म्हणाली, माझो. सगळे वळून बघायला लागले. ती म्हणाली की गावकरांनू, पाणी वरच्या शेतांतून फिरान माझ्या कुणग्याक पोचता तवसर भात सुकान जाता. पाटी मी वाहूची, पाणी तुमका, मगे व्हय कित्याक म्हणू? वरची शेतं म्हणजे कोणाची, तर मानकऱ्यांची. पहिलं आपलं, दुसरं भाईच्या वडिलांचं.

मला वाटलं बाबा आता रागावणार. ते वळून खालच्या कुणग्यांकडे बघायला लागले. मग म्हणाले, औंदा पाळी शेपटाकडसून. म्हणजे पाणी आधी खालच्या टोकाच्या कुणग्यांना, मग वर चढत चढत, आणि सगळ्यांत शेवटी आपलं. तिथेच ठरलं. लक्ष्मीकाकीने तेव्हा व्हय म्हटलं आणि बांध झाला. त्या वर्षी आपलं निम्मं भात करपलं. आई महिनाभर भांडी आपटत होती.

पण गंमत पुढच्या वर्षीची. मानकरी चिडलेले. भाईच्या वडिलांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं की तोंड उघडू नका, परशुरामाला, म्हणजे बाबांना, कळू दे गावकर कोण करतो ते. बाबा नारळ घेऊन उभे राहिले, बा देवा म्हाराजा म्हणाले, आणि कोणीच काही बोललं नाही. पाण्याचा आवाज तेवढा. बाबांनी नारळाला दुसरा हात लावला, तसं करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि मग मागून एकटीचा बाईचा आवाज आला, व्हय म्हाराजा. लक्ष्मीकाकी. तिच्यामागून खालच्या वाडीचे दोघे. मग आणखी. शेवटी भाईच्या वडिलांनासुद्धा पुटपुटावं लागलं, कारण एकट्यानेच गप्प बसलं तर ते दिसतं.

बाबा घरी येऊन पेज प्यायला बसले आणि आईला म्हणाले की आज मला त्या बाईने गावकर केलं, माझ्या आज्याने नाही. पुढे जन्मभर म्हणायचे, लक्ष्मीचं एक व्हय आपल्या घरावर उधार आहे. गेले तेव्हाही ते राहिलं होतं.

तर देवाचा धाक होता, मानही होता. पण ते व्हय दरसाल नव्याने मिळवावं लागायचं, आणि ते एखाद्या वर्षी येत नाही हे बाबांना ठाऊक होतं. तुमच्या भाईला वाटतं ते गादीबरोबर मिळतं. तुझ्या त्या किशोरीला वाटतं ते निवडणुकीत मिळालं. दोघांनाही ते मिळालेलं नाही.

एक विचारते. बाबांनंतर पाण्याची पाळी पुन्हा कुठून सुरू व्हायला लागली? वरूनच ना? मग खालची माणसं कशाला येतील रे, भाईच्या शेताला पाणी पाजायला?

गाऱ्हाणं तू घालू नकोस. पण घरात बसूनही राहू नकोस. बाकी तू शहाणा आहेस, निदान आई तसं म्हणायची.

पापड गेले. लोभ तेवढा वाळू देऊ नकोस.

तुझी,
नमूताई


आंबेरखोल
१५ डिसेंबर २०२५

ती. नमूताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण हाताला फोड आले आहेत. कशाचे ते येईलच.

तुझं पत्र घेऊन मी व्हाळापलीकडे गेलो आणि किशोरीला वाचून दाखवलं. लक्ष्मीकाकी पडवीत बसली होती. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, कान मात्र तुझ्या वाटचेही तिच्याकडेच गेले असावेत. सगळं ऐकलं आणि म्हणाली, नमूक सगळा आठवता, पण परशुरामान दुसऱ्या दिसाक माका एक केळ्यांचो घड धाडल्यान, तां नाय लिवल्यान. हसताना तिचे खांदे हलत होते. मग तिने विचारलं की तू रोज सकाळी खंयच्या गाडयेक गाळी घालतस रे? आणि कळलं की ती रोज पहिल्या एसटीच्या वेळीच पतवंडाचा हात धरून सातेरीला जाते आणि आपल्या वळणावर रस्ता ओलांडते. वर्षभरापूर्वी गाडी तिला घासून गेली होती. हे मला माहीत नव्हतं. माझा अर्ज नियमानुसार निकालात निघाला आहे, असं समज.

किशोरीने व्हॉट्सॲपवर पुन्हा काही टाकलं नाही. पंचायतीची चावी शिपायाकडे देऊन ती घरोघर गेली. चालत. कोणाच्या ओटीवर बसली, कोणाच्या गोठ्यात उभी राहिली. बाबलीच्या घरी तिला तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा तिने बाबलीच्या बायकोला तांदूळ निवडायला मदत केली आणि निवडता निवडता बोलली. तिने कोणालाही बांधाला या म्हटलं नाही. पाळी कुठून सुरू व्हावी, एवढंच विचारत गेली. ताई, या गावाला कोणी काही विचारल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. लोक बोलायला लागले ते थांबेनात. एकाने पाळीबद्दल सांगून झाल्यावर तिला मुलीच्या लग्नाबद्दलही विचारून घेतलं.

भाईला मी सांगितलं की मी नारळ धरणार नाही. तो म्हणाला, बापाशीचो नाव बुडवलंस. मी म्हटलं, बुडेल की तरंगेल ते रविवारी बघू.

काल रविवारी देवचाराच्या दगडापाशी माणसं जमली. पुष्कळ. खालच्या वाडीतून घरटी आली, मधल्या वाडीतून निम्मी, आणि भाईची माणसं तमाशा बघायला आली. ती रस्त्याच्या बाजूला हात बांधून उभी होती. लक्ष्मीकाकीला ओमकारने खुर्चीत बसवून आणलं होतं. किशोरी नारळ घेऊन पुढे झाली. बाईने गाऱ्हाणं घालायचं की नाही यावर थोडी कुरकुर झाली, पण धोंडू म्हणाला की देवचार काय पुरुष बघून पावता? त्यावर हशा झाला आणि कुरकुर विरली.

तिने आधी पाळी सांगितली, शेपटाकडून. तेवढ्यात भाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की शेपटाक कुणगो कोणाचो? सरपंचाचो. वा, बरी पाळी. खरंच होतं ते, ताई. शेवटच्या टोकाला त्यांचंच शेत. किशोरीचा चेहरा पांढरा पडला. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. तिने हातातला नारळ खाली घेतला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मधल्या वाडीच्या दोघांनी पाट्या उचलल्या, घरी जायला.

तेव्हा लक्ष्मीकाकी खुर्चीतून म्हणाली, आमचो नंबर शेवटचो लावा. सगळ्यांचा झाल्यार. मी येकदा पयला घेतलंय, तां अजून पोटात आसा. आवाज मोठा नव्हता, पण भाईसुद्धा खाली बघायला लागला. तू लिहिलंस तो सगळा प्रकार त्याच्या वडिलांनी त्याला सांगितला असणार, वेगळ्या रंगात.

किशोरीने नारळ वर धरला आणि म्हणाली, बा देवा म्हाराजा. आवाज किरटा, घाबरलेला. आज ह्या लेकरांनी जां काम मांडला हा, तां पार पडू दे, काय वाकडा घडला तर पायाखाली घे. आणि थांबली.

कोणी काही बोलेना. भांडण मिटलं होतं, पाळी मान्य होती, पण पहिलं तोंड कोणी उघडायचं? बाप्यांनी बाईला व्हय म्हणायचं, तेही निवडून आलेल्या बाईला. सगळे शेजाऱ्याची वाट बघत होते. पाण्याचा आवाज येत होता. किशोरीने नारळाला दुसरा हात लावला, आणि मला वाटलं की मी हे आधी पाहिलंय. पाहिलेलं नव्हतं, तू लिहिलेलं होतं.

मी मागे उभा होतो. आज छत्री आणली नव्हती, पाटी आणली होती. बाबांचं खोरं माळ्यावरून काढून दांडा बदलून घेतला होता. गावकराच्या घरातून पाच पिढ्या गाऱ्हाणं घातलं गेलं, उत्तर द्यायची वेळ कोणावर आली नव्हती. मी म्हटलं, व्हय म्हाराजा. न्हाणीघरातल्यापेक्षा बरा लागला. कुत्रा नव्हता.

धोंडूने म्हटलं. बाबलीने म्हटलं. मग खालची वाडी, मग सगळे. दुसऱ्या वाक्याला आवाज डोंगरावर आपटून परत आला, तुझ्या पत्रातल्यासारखा. भाईने तोंड उघडलं नाही. पण तिसऱ्या वाक्यानंतर त्याने वाकून पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि चिखलात उतरला. त्याच्या मागून त्याची माणसं.

किंजळीच्या फांद्या कशा रचायच्या ते तरुण पोरांना येत नव्हतं, ते भाईनेच दाखवलं. आरडाओरडा करून, शिव्या देऊन, सगळ्यांत जास्त काम त्याने केलं. मध्येच किशोरीला म्हणाला, ओ सरपंच, जरा हयसर माती टाका. तो शब्द त्याच्या तोंडून निसटला, की त्याने सोडला, ते कळायला मार्ग नाही. तिने माती टाकली.

दुपारी पेज आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. शर्मिलेने आणि संचिताने मोठ्या टोपात केलं. संचिता म्हणजे भाईची सून, हरलेली. दोघी मिळून मिठावरून भांडत होत्या. पोरं ओल्या बांधावर नाचली. कोणी कोणाच्या वेणीत चिखल भरला की नाही ते मी बघितलं नाही, पण रडारड झाली होती.

संध्याकाळी पाणी बांधाला टेकलं. खरंच आवाज येत नाही, ताई. अमावास्येचं उधाण आता चार दिवसांवर आहे; ते आलं की कळेल बांध किती बसला. वाहून गेला तरी पुन्हा घालता येईल. माणसं आहेत.

लक्ष्मीकाकीच्या खुर्चीशेजारी मी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, सुदेश, तुझो आवाज बापाशीसारो नाय. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण येळार इलो. बाबांचं काय देणं होतं आणि कोण फेडतंय, हे तिला मला सांगायचं नव्हतं आणि मलाही तिला सांगायचं नव्हतं. तिने चाचपडत माझा हात धरला, फोडांवरून बोट फिरवलं, आणि ओमकारला म्हणाली, चल, आता घराक.

मी खोरं धुतलं आणि घरी आणून ठेवलं. माळ्यावर नाही, दाराशीच. पुढच्या वर्षी लागेल.

तू ये. पौषात ये, विहिरीचं पाणी तोवर गोड झालेलं असेल. तुझ्या पाळीचं प्रेम असंच वरून खाली येत राहू दे, आम्ही शेपटाकडचे आहोत.

तुझा,
सुदेश